महागड्या बॅगा, इन्फ्लुएन्सर आणि साठवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर एखादी मुलगी कपाटाचं दार सरकवते आणि आत छतापर्यंत रचलेल्या हँडबॅगा दिसतात. खाली प्रतिक्रियांचे दोनच सूर असतात. अर्ध्या लोकांना तसंच कपाट हवं असतं, उरलेल्यांना ती बाई आजारी वाटते. दोन्ही मतं घाईची आहेत असं मला वाटतं. या विषयावर लोक जे पुन्हापुन्हा विचारतात, त्याची जमतील तितकी नेमकी उत्तरं खाली दिली आहेत.

किती बॅगा झाल्या की हौस संपते आणि साठवण सुरू होते?

असा आकडा नाही. थायलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान पेतोंगतार्न शिनावात्रा यांनी जानेवारी २०२५ मध्ये मालमत्ता जाहीर केली, तेव्हा तिच्यात २१७ हँडबॅगा होत्या. किंमत ७ कोटी ६० लाख बाटच्या वर. सिंगापूरच्या इन्फ्लुएन्सर जेमी चुआ यांच्याकडे एकट्या एर्मेस या महागड्या फ्रेंच कंपनीच्याच दोनशेहून जास्त बॅगा असल्याचं अनेकदा छापून आलं आहे, आणि त्या एका बंदोबस्तातल्या खोलीत नीट लावून ठेवलेल्या असतात. एवढ्या बॅगा हव्यात कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडेल आणि तो रास्त आहे. पण नुसत्या संख्येवरून कुणाला आजारी ठरवता येत नाही. उलट दोन खोल्यांच्या घरात पंचवीस साध्या पर्स अशा पडलेल्या असू शकतात की पलंगावर झोपायला जागा नाही, आणि त्यातली बंद तुटलेली एकसुद्धा टाकवत नाही. काळजी दुसऱ्या घराची करायला हवी.

मी एकच कसोटी सगळ्यात वर ठेवते. यातली एखादी बॅग उद्या बहिणीला देऊन टाकता येईल का? देताना थोडं वाईट वाटणं स्वाभाविक आहे. पण नुसत्या विचारानेच छातीत धडधडत असेल, रात्रभर झोप लागत नसेल आणि शेवटी काहीतरी कारण काढून ती परत कपाटात जात असेल, तर प्रश्न हौसेच्या पलीकडे गेला आहे.

साठवणुकीचा विकार म्हणजे नेमकं काय?

वैद्यकीय भाषेत याला ‘होर्डिंग डिसऑर्डर’ म्हणतात. २०१३ पर्यंत तो मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या, लक्षणांमध्ये धरला जायचा. त्या वर्षी अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानग्रंथात तो स्वतंत्र विकार म्हणून आला आणि नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही.

निदानासाठी डॉक्टर बघतात ते असं: वस्तूची किंमत काहीही असो, ती टाकून देणं किंवा कुणाला देणं सतत अवघड जातं, टाकायची वेळ आली की मनाला तीव्र त्रास होतो, त्यामुळे राहत्या खोल्या भरून जातात आणि त्या खोल्यांचा मूळ उपयोगच उरत नाही. ओट्यावर स्वयंपाक होत नाही, न्हाणीघरात शिरता येत नाही. आणि या सगळ्यामुळे माणसाचं जगणं, नाती किंवा सुरक्षितता धोक्यात येते. यातला ‘वस्तूची किंमत काहीही असो’ हा भाग लक्षात ठेवा. जुन्या वर्तमानपत्रांना जो नियम लागू होतो, तोच लाखो रुपयांच्या चामड्याच्या बॅगेलाही होतो. बॅग महाग आहे म्हणून तिच्या ढिगाला आपोआप संग्रहाचा मान मिळत नाही.

हा विकार दुर्मीळ नाही. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत शंभरात साधारण दोन ते सहा माणसांमध्ये तो आढळल्याचं डीएसएम-५ सांगतं. सुरुवात बहुधा किशोरवयात होते आणि वय वाढेल तसा तो बळावतो, म्हणून घरच्यांच्या ध्यानात येतो तो आजी-आजोबांच्या वयात. त्यातल्या बहुसंख्यांना वस्तू आणत राहण्याचीही ओढ असते.

मग खरा संग्राहक कसा ओळखायचा?

हे उत्तर थोडं लांबणार आहे, कारण माझं प्रेम या माणसांवर आहे.

नेदरलँड्समध्ये हेंड्रिक्ये इव्हो नावाच्या जुन्या वस्तूंच्या विक्रेत्या होत्या. त्यांना एकदा कासवाच्या कवचाची, १८२० च्या सुमाराची एक सुंदर बॅग मिळाली. तिच्यापासून त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने बॅगा जमवायला सुरुवात केली. १९९६ मध्ये राहत्या घरातच त्या लोकांना दाखवायला मांडल्या आणि पुढे ॲमस्टरडॅममध्ये कालव्याकाठच्या एका जुन्या वाड्यात त्यांचं संग्रहालय झालं. पाच हजारांच्या आसपास बॅगा आणि थैल्या, मध्ययुगापासून आजपर्यंतच्या. बायकांच्या कपड्यांना खिसे होते तेव्हा हातात बॅग का नव्हती, आगगाडीचा प्रवास सुरू झाल्यावर चामड्याची बॅग का आली, हे तिथे एका दालनातून दुसऱ्यात जाताना कळायचं. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात ते बंद पडलं, याची हळहळ वाटते. पाच हजार हा आकडा कुठल्याही इन्फ्लुएन्सरच्या कपाटापेक्षा मोठा आहे. पण त्यातली प्रत्येक बॅग तिथे का आहे, हे सांगता येत होतं.

आपल्याकडचं उदाहरण पुण्यातच आहे. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे काका केळकर, यांनी १९२० च्या आसपासपासून अडकित्ते, दिवे, फण्या, दौती, कुलपं अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गावोगाव फिरून गोळा केल्या. संग्रहाची मोजदाद आज वीस हजारांवर जाते. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये तो सगळा ठेवा महाराष्ट्र सरकारच्या हाती दिला. आयुष्यभर जमवलेलं दुसऱ्याच्या हाती सोपवता येणं ही मला संग्राहकाची सगळ्यात मोठी खूण वाटते.

दोघांनाही विषय होता, क्रम होता. काय मिळालं आणि काय मिळायचं राहिलं हे ठाऊक होतं. संग्राहक एखादी वस्तू नाकारूही शकतो, कारण ती त्याच्या विषयात बसत नाही.

आणि या दोन्हीत न बसणारे?

कपाट दाखवणारे बहुतेक जण इथेच येतात. ते विकाराने आजारी नसतात आणि संग्राहकही नसतात. ते खरेदी करत असतात. बॅग येते, खोका उघडला जातो, आठवडाभर हातात मिरवते आणि मग पुढची येते. डीएसएम-५ मध्ये अनावर खरेदीला स्वतंत्र विकाराचं स्थान नाही, पण मनोविकारतज्ज्ञांकडे असे रुग्ण येतात. त्यांना समाधान मिळतं ते वस्तू घेण्याच्या क्षणात; घरी आल्यावर तिच्याकडे लक्षही जात नाही. कपाटात लेबलसकट पडलेल्या, एकदाही न वापरलेल्या बॅगा ही त्याची पहिली खूण. कर्ज, लपवालपवी, घरच्यांशी खोटं बोलणं या पुढच्या.

सगळे जण एर्मेसच्या बर्किन बॅगेचंच नाव का घेतात?

एर्मेस ही पॅरिसची कंपनी १८३७ मध्ये घोड्याचं साज-सामान बनवण्यासाठी सुरू झाली. आजही तिच्या बॅगांना तोच खोगिराचा टाका असतो: मेण लावलेला लिननचा दोरा, दोन सुया, आणि सगळं हाताने. साधारणपणे एक बॅग एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करतो. पॅरिस ते लंडनच्या विमानात कंपनीचे प्रमुख झाँ-लुई द्युमा यांच्या शेजारी गायिका आणि अभिनेत्री जेन बर्किन बसल्या होत्या. त्यांचं सामान सांडलं, आईला पुरेल अशी बॅगच मिळत नाही म्हणून त्यांनी तक्रार केली आणि १९८४ मध्ये त्यांच्या नावाची बॅग तयार झाली.

मला यात भावतं ते पुढचं. जेन बर्किन यांनी ती बॅग जपून ठेवली नाही. कोंबून भरली, तिच्यावर स्टिकर चिकटवले, नेलकटर टांगलं, जमिनीवर ठेवली. १९९४ मध्ये एड्सग्रस्तांसाठी निधी हवा होता, तेव्हा ती पहिली बॅग देऊन टाकली. तीच ओरखडलेली, डागाळलेली बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसला सदबीजच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली. जगातली सगळ्यात महागडी बर्किन ही सगळ्यात जास्त वापरलेल्या बर्किनांपैकी एक आहे. प्लास्टिकचं आवरणही न काढता बॅगा रचून ठेवणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

पैसे असूनही दुकानात ती मिळत नाही, हे खरं आहे का?

हो, बहुतेकदा मिळत नाही. आत जाऊन बर्किन मागितली की ‘सध्या नाही’ असं उत्तर येतं. ग्राहकांचं म्हणणं असं की आधी तिथले स्कार्फ, पट्टे, चपला, भांडी घेत राहावं, विक्रेत्याशी संबंध जोडावा, मग कधीतरी बोलावणं येतं. याविरुद्ध मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात खटला झाला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला.

कायद्याने यात गैर काही नसेल, पण मनावर काय होतं ते बघा. नको असलेल्या दहा वस्तू घरात येतात त्या हव्या असलेल्या एका वस्तूसाठी. मिळाली की ‘पुन्हा मिळेल न मिळेल’ म्हणून रंग आवडला नाही तरी घेतली जाते. टंचाई माणसाला साठवायला शिकवते, आणि इथे ती टंचाईच विकली जाते.

इन्फ्लुएन्सरच्या बॅगा खरंच त्यांच्या असतात का?

काही असतात. काही कंपनीने पाठवलेल्या असतात, काही चित्रीकरणापुरत्या आणलेल्या, काही भाड्याच्या. अमेरिकेत बॅगा भाड्याने देणारे व्यवसाय २००४ पासून आहेत. २०२० मध्ये शांघायच्या काही मुलींचा एक ग्रुप चिनी समाजमाध्यमांवर गाजला. पंचतारांकित हॉटेलची खोली, दुपारचा चहा आणि भारी बॅग यांचा खर्च वाटून घ्यायचा आणि प्रत्येकीने आपापले फोटो काढायचे, अशी त्यांची पद्धत होती.

भारतात याबाबत नियम आहेत. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था असलेल्या एएससीआयने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आपले नियम जाहीर केले. पैसे, फुकट वस्तू, सहल, सवलत यांपैकी काहीही मिळालं असेल तर ते ठळकपणे सांगायला हवं. हॅशटॅगच्या गर्दीत लपवून चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुढे ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय जुलै २०२२ पासून, कंपनीने वर्षाला २० हजारांहून जास्त किमतीच्या वस्तू दिल्या आणि इन्फ्लुएन्सरने त्या ठेवून घेतल्या, तर त्यावर १० टक्के टीडीएस लागतो. परत केल्या तर नाही.

म्हणून रील बघताना पहिला प्रश्न हा विचारा: या बॅगेचे पैसे कुणी दिले? उत्तर दिसत नसेल, तर तिथे दिसणारं कपाट हे दुकानाची काच आहे असं समजून बघा.

पण त्यांचं तर ते कामच आहे. मग त्यांना हा प्रश्न लागू होतो का?

त्यांनाच सगळ्यात जास्त लागू होतो, असं माझं मत आहे. जेन बर्किनला एका वेळी एक बॅग पुरली, कारण तिला सामान न्यायचं होतं. इन्फ्लुएन्सरला तीच बॅग दुसऱ्यांदा दाखवून चालत नाही. प्रेक्षक नवा खोका उघडायची वाट बघतात, ॲप त्यालाच पुढे ढकलतं, कंपन्या त्याच आकड्यांवर पैसे देतात. संग्रहाला कुठेतरी शेवट असतो, निदान एक यादी असते. ‘कंटेंट’ला शेवट नसतो. खऱ्या आवडीने सुरू केलेल्या मुली यात अडकतात आणि बाहेर पडायचं म्हटलं तर उत्पन्नच थांबतं. त्यांची चेष्टा करण्यापेक्षा ही यंत्रणा समजून घेणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

याला उलटी हवाही आहे. २०२३ च्या सुरुवातीला टिकटॉकवर ‘हे विकत घेऊ नका’ सांगणाऱ्या व्हिडिओंची लाट आली. टॅनर लेदरस्टीन या नावाने ओळखला जाणारा कातडी कारागीर महागड्या बॅगा सुरीने कापून आतलं चामडं, अस्तर, शिवण दाखवतो आणि खर्चाचा अंदाज सांगतो. बॅग आवडणाऱ्या प्रत्येकाने त्याचे एक-दोन व्हिडिओ जरूर बघावेत.

किंमत जास्त म्हणजे कारागिरालाही जास्त मिळत असेल ना?

नेहमीच नाही. २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिऑरच्या एका उत्पादक उपकंपनीवर देखरेख नेमली. चौकशीत पुढे आलं की दुकानात २६०० युरोंना जाणारी एक बॅग जुळवण्याचे कंत्राटदाराला ५३ युरो मिळत होते. चामड्याचा खर्च वेगळा. कामगार कारखान्यातच झोपत होते. ‘हाताने बनवलेली’ हे शब्द वाचताना ते हात कुणाचे, हे विचारायलाच हवं. कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये आल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचा उल्लेखही झाला नाही, तेव्हा आपल्याकडे संताप झाला तो याच कारणाने.

बॅग ही गुंतवणूक आहे, असं सगळे सांगतात. खरं का?

थोड्या बॅगांपुरतं खरं, बाकी नाही. २०१६ मध्ये बर्किनने शेअर बाजार आणि सोन्याला मागे टाकल्याची बातमी जगभर फिरली. तो अभ्यास बॅगांची पुनर्विक्री करणाऱ्या एका कंपनीचा होता. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या चैनीच्या वस्तूंच्या निर्देशांकात २०२४ मध्ये हँडबॅगा सगळ्यात वर होत्या, पण वाढ होती २.८ टक्के. तेवढं तर बँकेच्या मुदत ठेवीतही मिळतं. आणि ही आकडेवारी निवडक बॅगांची असते. मॉलमधून घेतलेली बाकी कुठलीही ब्रँडेड बॅग दाराबाहेर पडली की किंमत उतरते.

आवडते म्हणून घ्या, परवडत असेल तर घ्या. गुंतवणुकीचं कारण मनाची समजूत घालायला वापरू नका. हप्त्यावर घेतलेल्या बॅगेला तर ते कारण लागूच होत नाही.

भारतात यावर वेगळा कर आहे का?

२२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांहून महाग हँडबॅगेवर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेतो. आयकर विवरणपत्रात तो समायोजित होतो.

मलेशियाच्या रोस्मा मन्सोर यांचं प्रकरण कशात मोडतं?

मे २०१८ मध्ये रोस्मा यांचे पती, पंतप्रधान नजीब रझाक, निवडणूक हरले आणि क्वालालंपूरमध्ये त्यांच्याशी संबंधित घरांवर छापे पडले. पोलिसांनी ५६७ हँडबॅगा नेल्या, त्यातल्या २७२ एर्मेसच्या. सोबत रोकड आणि हजारो दागिने. याला हौस किंवा विकार म्हणण्याआधी पैशांचा माग घ्यावा लागतो, आणि तो माग १एमडीबी या मलेशियाच्या सरकारी गुंतवणूक निधीतल्या घोटाळ्याच्या तपासाशी जोडलेला होता. सार्वजनिक पदाच्या सावलीत एवढा साठा दिसला तर तो प्रश्न मनोविकारतज्ज्ञाचा नसून लेखापरीक्षकाचा असतो.

‘फर्स्ट कॉपी’ घेतली तर काय बिघडलं?

नक्कल विकणं बेकायदा आहे. शिवाय साठवणीच्या दृष्टीने ती जास्त घातक ठरते: स्वस्त म्हणून एकाऐवजी सहा येतात, वर्षात सोलवटतात आणि टाकवत नाहीत.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बॅगांना बुरशी लागते. काय करू?

प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात बांधू नका, ओल आतच राहते. सुती पिशवीत ठेवा, आत साधा कोरा कागद भरा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा. बॅगा एकमेकींना चिकटवून ठेवू नका, कपाट दर काही दिवसांनी उघडा. कृत्रिम थर दिलेली अस्तरं दमट हवेत चिकट होतात, त्याला वापरात ठेवणं हाच त्यातल्या त्यात उपाय. पावसाळ्याच्या चार महिन्यांत जितक्या बॅगांची देखभाल हाताने करता येते, तितक्याच तुमच्या आवाक्यातल्या, असं मी मानते.

मगरीच्या कातड्याची बॅग असेल तर परदेशी नेताना-आणताना साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची परवानगी लागू शकते. ऑस्ट्रेलियात अशा परवानगीअभावी २६ हजार डॉलरची एक बॅग सरकारने नष्ट केली होती.

आमच्या सासूबाई एकही जुनी पर्स, पिशवी टाकू देत नाहीत. त्या नसताना घर साफ करून टाकू का?

कृपा करून असं करू नका. साठवणुकीच्या विकारात परस्पर केलेली सफाई सहसा उलटते. माणसाला जबर धक्का बसतो, घरच्यांवरचा विश्वास उडतो आणि रिकामी झालेली जागा काही महिन्यांत पुन्हा भरते.

आधी विकार आहे की सवय, हे बघा. टंचाईच्या काळात वाढलेली माणसं जपून वापरतात. घर वापरता येत असेल आणि समजावल्यावर त्या काही वस्तू देत असतील, तर तिथे विकार शोधू नये. पण वाट अडली असेल, पडण्याची किंवा आग लागण्याची भीती असेल, नात्यांत रोज भांडणं होत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. नैराश्य किंवा विस्मरणाचा आजारही मागे असू शकतो, आणि तो डॉक्टरच ओळखू शकतात. संज्ञानात्मक वर्तन उपचारांचा, म्हणजे सीबीटीचा, या विकारात उपयोग होतो. त्यात रुग्णाला एक-एक वस्तू हातात घेऊन स्वतः निर्णय घ्यायचा सराव देतात. हे हळू चालतं.

घरी बोलताना ‘अडगळ’, ‘कचरा’ हे शब्द टाळा. ‘आई, या पर्सबद्दल सांगा ना’ असं विचारा आणि ऐका. सुरुवात सगळ्यात धोक्याच्या जागेपासून करा, जसं की दाराची वाट किंवा गॅसजवळचा ढीग, आणि काय ठेवायचं ते त्यांना ठरवू द्या. डॉक्टरकडे जायला त्या तयार नसतील तर तुम्ही आधी एकट्याने सल्ला घेऊ शकता. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येतं, मराठीतसुद्धा.